अनुभव धागा: सात माणसं की सात जणांचं सामान?

मंडळी, यंदा गणपतीला गावी जाताना आमच्या सात-आसनी गाडीत सात जण अगदी व्यवस्थित बसले. सामान दुसऱ्या दिवशी मावसभावाच्या गाडीतून आलं. चूक आमचीच. शोरूममध्ये आधी शेवटच्या सीट पाडून डिकी दाखवली, मग त्याच सीट उभ्या करून आम्हाला बसवून दाखवलं. दोन्ही एकाच वेळी दाखवा असं काही आम्हाला सुचलं नाही.

घरी येऊन आकडे काढले. अर्टिगाची डिकी सातही सीट उभ्या असताना २०९ लिटर, शेवटची रांग पाडली की ५५०. चार मीटरच्या आतल्या ट्रायबरला सात जणांसह ८४ लिटर, आणि मागच्या सीट काढून घरी ठेवल्या तर ६२५. हे लिटर साधारणपणे एकेक लिटरचे ठोकळे (२० × १० × ५ सेंमी) डिकीत रचून मोजतात. ठोकळे सांदीकोपऱ्यात शिरतात, आपली कडक सूटकेस शिरत नाही.

तर लिहा. आकडे माझ्याकडे आहेत. काय मावलं, काय राहिलं, मागे कोण बसलं आणि उतरल्यावर काय म्हणालं, ते हवंय.

घाटवाला
कोल्हापूर-देवगड, करूळ घाटातून, वर्षातून चार खेपा. शेवटची रांग जवळजवळ मागच्या चाकांवर येते, त्यामुळे प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक वळण तिथे दुप्पट लागतं. पहिल्या वर्षी पोरांना मागे बसवलं. गगनबावडा सोडलं आणि पुढे वैभववाडीपर्यंत पिशव्याच पुरवत होतो. सीटचं कुशन जमिनीपासून फार वर नसतं, म्हणून मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात.
आता मागची एकच सीट उभी ठेवतो (रांग ५०-५० मध्ये, म्हणजे दोन अर्धे वेगवेगळे पडतात म्हणून जमतं) आणि दुसऱ्या अर्ध्यात सामान. मे महिन्यात परतताना तिथे हापूसच्या लाकडी पेट्या, खिडकीच्या वर जाणार नाहीत इतक्याच. जो मागे बसतो त्याला आंब्याचा वास फुकट. भाचा तेवढ्यासाठी हौसेने बसतो.

सीएनजीवाली
ज्यांनी नंतर टाकी बसवून घेतलीय त्यांनी हात वर करा. आमच्या डिकीत ६० लिटरची टाकी आहे. तिच्या आणि सीटच्या मधे जी फट उरते तिला मी 'माहेरची जागा' म्हणते: आईने दिलेली लोणच्याची बरणी आणि दोन नारळ, बस्स. २०२३ पासून टाटाच्या काही लहान गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या तळाशी आडव्या येतात, डिकी बरीच वाचते. पण त्या पाच जणांच्या. आम्ही सहा.

जर्सीकर
न्यूआर्क विमानतळ. आई-बाबा आले, प्रत्येकी २३ किलोच्या दोन मोठ्या बॅगा, वर हातातल्या दोन. आम्ही दोघं आणि दोन मुलं. आमची टोयोटाची हायलँडर, तिसरी रांग उभी असताना मागे १६ घनफूट, म्हणजे साडेचारशे लिटर. भारतातल्या हिशेबाने चैनच! तरी तिसरी बॅग आडवी ठेवल्यावर दार लागेना. शेवटी चौथी बॅग मुलांच्या पायाशी, आणि एक हातातली बाबांच्या मांडीवर, कारण 'त्यात देव आहेत, खाली ठेवायचे नाहीत.'
पुढच्या वर्षी शेजाऱ्याची सिएना मागून घेतली. तिच्यात मागे ३३ घनफुटांवर जागा आणि जमिनीत खोल खड्डा, बॅगा उभ्याच राहतात. इथे मिनीव्हॅन म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

धागाकर्ता
@जर्सीकर, देव मांडीवर हे आमच्याकडेही होतं. फक्त आमच्याकडे मांडीवर पाटा-वरवंटाही होता, कारण आदल्या वर्षी तो मागे मोकळा ठेवला होता आणि ब्रेक मारल्यावर सीटच्या पाठीला असा धडकला की आजी जागी झाली. जड वस्तू खाली आणि सीटच्या पाठीला चिकटवून, हे तेव्हा शिकलो.

तंबोराबाई
माझं मोजमाप निराळं. तंबोरा साडेचार फूट, भोपळा नाजूक, वर काही ठेवायचं नाही. मधली सीट ६०-४० मध्ये पडत नसेल तर ती गाडी आमच्या कामाची नाही. ४० चा भाग पाडायचा, तंबोरा सरळ आत, भोपळा मागे रजईवर. तबलजी आणि पेटीवाले काका ६० वर. मैफल साताऱ्यात असो की सांगलीत, भांडण एकाच गोष्टीवरून: एसीचा झोत तारांवर का सोडला?

आईची मुलगी
लिटर विचारूच नका, डिकीचा उंबरा मोजा. आईची व्हीलचेअर घडी घालून अठरा किलोच्या आसपास. जिथे डिकीची कड माझ्या कंबरेच्या वर, तिथे मला ती एकटीला चढवता येत नाही, मग आत कितीही जागा असो. गाडी बघायला गेले तेव्हा खुर्ची सोबत नेली होती. तीनदा आत ठेवली, तीनदा काढली. सेल्समन मदतीला धावला, त्याला म्हटलं, नको दादा, तू रोज घरी येणार नाहीस.
आणि टपावरच्या कॅरिअरचा सल्ला कृपया देऊ नका.

टपावरचा
ताई, देत नाही. ताम्हिणीत ताडपत्री सुटली, आत्याचे वर्षाचे पापड भिजले. तेव्हापासून मी कॅरिअरवर बोलत नाही, आत्या माझ्याशी बोलत नाही.

पेणहून आलेला
पेणला मूर्ती आणायला गेलो. घरून सुतळीने मोजून निघालो होतो: मधल्या सीट पाडल्यावर जमिनीपासून छतापर्यंत मूर्तीपेक्षा चार बोटं जास्त. कारखान्यात उचलून डिकीशी आणली तर दारातून जाईना. मागचं दार वरून उतरतं असतं ना, तिथली उंची आतल्यापेक्षा कमी. मुकुट टेकला. मूर्तिकार म्हणाले, बाजूच्या दारातून पाटासकट तिरकी घ्या. घेतली. मधे बाप्पा, बाजूला बायको मुकुटाला हात लावून. मागच्या सीटवर जायची वाटच उरली नाही, म्हणून दोन्ही मेहुणे एसटीने आले. बाप्पाच्या आधी घरी पोहोचले.