मदत हवी आहे: अल्कलीत निकेलचा हायड्रोजन ऑक्सिडेशन करंट कसा मोजायचा?

पुण्यात कॉलेजच्या लॅबमध्ये अल्कलाइन फ्युएल सेलच्या अ‍ॅनोडसाठी कार्बनवरचं निकेल तपासतेय. ०.१ मोलर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), रोटेटिंग डिस्क (फिरता इलेक्ट्रोड), १६०० आरपीएम. साधारण ०.१ व्होल्टच्या (आरएचई, म्हणजे रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत) पुढे करंट सपाट न होता खाली वळतो. हायड्रोजनऐवजी आर्गॉन सोडला तरी तिथेच निकेलच्या स्वतःच्या ऑक्सिडेशनचा उंचवटा दिसतो.

काचेऐवजी टेफ्लॉनचा सेल, ताजं केओएच, ग्राफाइट काउंटर, आयआर करेक्शन (द्रावणाच्या रोधामुळे होणाऱ्या व्होल्टेज घटीची दुरुस्ती), सगळं करून झालंय. मर्क्युरी ऑक्साइड रेफरन्स हायड्रोजनमध्ये प्लॅटिनमच्या तारेवर कॅलिब्रेट केलाय. कृपया 'प्लॅटिनम घ्या' सुचवू नका. तेही अ‍ॅसिडच्या तुलनेत अल्कलीत सुमारे शंभरपट मंद, आणि प्रोजेक्टचा मुद्दाच महागडा धातू टाळणं हा आहे.

आर्गॉनमधला करंट सरळ वजा केलेला चालतो का, की दर पोटेन्शियलला करंट स्थिरावेपर्यंत थांबूनच मोजायचं?