मशीनवर गोधडी शिवताना थर सरकतात

मशीनवर गोधडी शिवताना थर सरकतात आणि कडेला चुण्या गोळा होतात, असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, माझ्याही पहिल्या दोन गोधड्यांचं असंच झालं होतं. पोटापाण्याला मी ब्लाउज आणि फॉल-पिको करते, पण जीव रमतो तो गोधडीत.

आधी जुन्या साड्या धुऊन खळ पूर्ण काढा. थर सगळे सुतीच घ्या. सुतीत एखादी सिंथेटिक साडी घुसली की ती निसटणारच! मग फरशीवर एकावर एक थर ताणून पसरा, कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे, डबे, काय असेल ते ठेवा आणि मधून बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर कच्चे टाके घाला. सगळा खेळ इथेच आहे. मी सुरुवातीला नुसत्या टाचण्या लावायचे, बोटं टोचून घेतली आणि चुण्या पडल्या त्या पडल्याच. मशीनला 16 नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा, दाबपट्टीचा (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाचा) दाब कमी करा. कच्चा दोरा शेवटी उसवायचा.

खरं सांगू का, मला स्वतःला हाताचा धावदोराच आवडतो. मशीनची गोधडी जरा ताठर होते. आईच्या नऊवारीची हाताने शिवलेली गोधडी माझ्याकडे आहे. टाके वाकडेतिकडे, एका कोपऱ्यात दोरा संपला म्हणून मध्येच लाल लावलेला. मुलगी मात्र तीच पांघरते, माझी सुबक वाली कपाटात पडून आहे.

तुमच्या साड्या कुठल्या आहेत, इरकली का?