मदत हवी आहे: तंबूचं कोटिंग चिकट झालंय, सॅकही उसवली. सोलापुरात दुरुस्ती होईल का?

राजगड-तोरणा-रायगड करून आल्यावर सगळं सामान पसरून तपासलं. मॅट फुगवून साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत. अडलंय ते तंबूवर.

फ्लायच्या, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या आवरणाच्या, आतल्या बाजूचं पीयू (पॉलियुरेथेन) हे पाणी अडवणारं कोटिंग बोटाला चिकटतंय, आंबूस वास येतोय, शिवणीवरची टेप सुटतेय. ओल आणि उष्णता मिळून हे कोटिंग कुजवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. दमट तंबू तिथे घडी करून ठेवला की हेच होणार.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना थर पूर्ण काढून नवं पीयू सीलंट कुणी लावलंय का? किती पावसाळे टिकलं? जुना थर राहिला तर नवाही त्याच्यासोबत सुटतो, म्हणून अर्धवट काम नको. आणि तंबूच्या कापडावर सिलिकॉन असेल तर पीयू धरतच नाही, हेही बघून सांगा.

दुसरं, सॅकच्या खांद्याचा पट्टा पाठीजवळ उसवलाय. सॅकमध्ये १२ किलो भरलं की सगळा ताण तिथेच येतो. साधा सुती दोरा चालणार नाही. जाड नायलॉन दोऱ्याने चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी. नव्या पेठेत किंवा आसपास जड मशीन असलेला सीट कव्हरवाला, रेक्झिनवाला माहीत आहे का?

बुटाचा सोल चवड्याशी सुटलाय. मधला फोम नखाने दाबून पाहिला, भुगा होत नाही, म्हणजे चिकटवण्यासारखा आहे. कडेने शिवूनही देणारा कारागीर कुठे बसतो?