परदेशातून खानदेशात परतलात? रोजचं जगणं आणि जवळची भटकंती: तुमचे अनुभव

जर्मनीत बरीच वर्षं नोकरी करून आम्ही जळगावला कायमचे परतलो. तिकडे असताना सुट्टीत यायचो, पण लग्नं, बँक आणि दवाखान्यातच सुट्टी संपायची. त्यामुळे ज्या जिल्ह्यात वाढलो, तोच धड पाहिला नव्हता. आता सकाळी मेहरूण तलावाला फेरी असते आणि रविवारी डबा बांधून आम्ही बाहेर पडतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला मुलांना सांगितलं, की गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला होता. गणिताला कंटाळणारी मुलगी त्यावर परतीच्या वाटेत चाळीसगावपर्यंत प्रश्न विचारत होती! परत आलेल्यांनी आपलं बस्तान कसं बसलं आणि कुठे कुठे गेलात, ते जरूर लिहा.

यावल

आमच्याकडे हिवाळ्यात फिरायला जाणं म्हणजे शेतात भरीत. इंग्लंडात ओव्हनमध्ये वांगी भाजून खूप वेळा केलं, पण ती चव काही आली नाही. इथे हिरवट-पांढरी, हातभर लांबीची वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. साल काळी पडून सुटली की ती गरम असतानाच सोलायची, बोटं पोळली तरी! मग लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचायची. वरून कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे. तेलाची फोडणी द्यायची की कच्चंच ठेवायचं, यावर दरवर्षी काका आणि वडील भांडतात. (मी कच्च्याच्या बाजूने.) सोबत कळण्याच्या पुऱ्या, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या. केळीच्या पानावर पंगत बसते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा अभिमान आहेच, पण बाहेरून पाहुणे आले तर त्यांना हॉटेलात नेऊ नका, कुणाच्या तरी मळ्यात न्या.

अमळनेर

मी न्यू जर्सीहून आले. पहिले काही महिने जड गेले. कुणीही न सांगता घरात येतं, पगार विचारतं, मूल एकच का विचारतं. तिकडे दार लावलं की आपलं जग आपलं होतं. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. माहेरी गौराई, पितरांच्या घागरीवर ठेवलेलं डांगर (खरबूज), सांजोऱ्या, आमरस आणि निंबाला बांधलेले झोके. शेजारच्या आजींनी दारातच विचारलं, "कथा चालनी व माय?" (कुठे निघालीस गं?) आणि माझ्या तोंडून अहिराणीतच उत्तर गेलं. माझ्या लेकीने मला अहिराणी बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. पगार विचारतात त्याच बायका मी तापाने पडले तेव्हा दोन्ही वेळचा डबा घेऊन आल्या, हेही सांगायला हवं.

धुळे

दुबईत उन्हाची सवय होती असं वाटायचं. पण तिथे थंड गाडीतून थंड ऑफिसात जायचं. इथे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि भरदुपारी वीज जाते. मग जुन्या माणसांसारखा दिवस लावला: बाजार, बँक सगळं दहाच्या आत, दुपारी खिडकीला वाळ्याचे पडदे, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून तिथेच अंथरुणं. मुलांना गच्चीवरची झोप इतकी आवडली की एसी घ्यायचा विषयच मागे पडला.

सहल म्हणाल तर लळिंगचा किल्ला. मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच आहे. उजाडायच्या आत चढायला लागा आणि पाणी भरपूर न्या. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकिलीच्या कामाने धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या बंगल्यात उतरले होते. तेही मुलांना आवर्जून सांगा.

शहादा

आई-वडिलांसाठी कॅनडा सोडून आलो. दोघांचेही गुडघे दुखतात, त्यामुळे बसल्या बसल्या आनंद मिळेल अशाच जागा शोधतो. प्रकाशा गावचा तापीचा काठ त्यांना आवडतो. तोरणमाळला पावसाळा सरता सरता गेलो. सातपायरी नावाच्या घाटात गाडी हळू चालवली, वर यशवंत तलावाकाठी खुर्च्या टाकल्या. सीताखाईच्या कड्यापर्यंत वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून आले. म्हातारी माणसं सोबत असतील तर दोन गोष्टी सांभाळा: औषधं आणि जेवण घरूनच न्या, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा.