कागद खाणारा प्रिंटर आणि नेटवर्कातला व्हायरस : तुमचे अनुभव

नेटवर्कवरचा प्रिंटर अचानक अगम्य चिन्हांची पानंच्या पानं काढू लागतो, ट्रे रिकामा होईस्तोवर थांबत नाही. मग दुरुस्तीवाला येतो, कार्ट्रिज बदलतं, आणि मूळ दुखणं कुठल्यातरी कॉम्प्युटरात तसंच राहतं. मुंबईतल्या छोट्या ऑफिसांत आयटीचा वेगळा माणूस नसतो, त्यांना हे फार महागात पडतं. तुमच्याकडे काय झालं, मूळ कसं सापडलं, नीट लिहा.

फोर्ट, सीए ऑफिस
जून 2012. रिटर्न्सची तयारी चाललेली आणि प्रिंटर बडबड छापतोय. तेव्हा मिलिसेन्सो नावाचा ट्रोजन (साळसूद रूपात कॉम्प्युटरात शिरणारा घातक प्रोग्राम) पसरला होता. अमेरिकेसोबत भारतालाच त्याचा सर्वाधिक फटका बसला. तो विंडोजच्या स्पूल फोल्डरमध्ये, म्हणजे छपाईची कामं रांगेत थांबतात तिथे, एसपीएल प्रकारची फाइल टाकायचा. दिसायला छपाईचं काम, आत मात्र प्रोग्राम. विंडोज ती इमानदारीत छापायला पाठवी. आम्ही स्पूलर सर्व्हिस (ही रांग चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) बंद करून विंडोजच्या सिस्टम32 फोल्डरमधलं स्पूल, त्यातलं प्रिंटर्स फोल्डर रिकामं केलं, मशीन स्कॅन केलं, मगच स्पूलर चालू केला. नुसती रांग पुसून भागत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना बजावून सांगितलं.

अंधेरी एमआयडीसी, हार्डवेअर इंजिनिअर
फोर्टवाल्यांचं बरोबर आहे, पण कचरा छापणारं मशीन स्वच्छ असूनही हे होऊ शकतं. त्याच वर्षीचा प्रिंटलव्ह वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस) घ्या. तो शेअर केलेल्या प्रिंटरमार्फत दुसऱ्या मशीनवर स्वतःला पाठवायचा. स्पूलरमधलं ते भगदाड मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2010 मध्ये बुजवलं होतं. ज्या मशीनवर हा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) नाही तिथे वर्म गुपचूप शिरायचा, प्रिंटर शांत! पॅच असलेल्या मशीनवर शिरकाव व्हायचा नाही, पण पाठवलेली फाइल छपाईला लागायची. म्हणजे जिथे कागद वाया जातोय ते मशीन बरंच म्हणायचं, रोगी दुसरीकडे बसलाय.

तो शोधायला दोन गोष्टी कामी येतात. पानाच्या सुरुवातीला 'एमझेड' ही दोन रोमन अक्षरं दिसली तर तो विंडोजचा प्रोग्राम आहे, पत्र-बिल नव्हे. आणि स्पूल फोल्डरमध्ये एसपीएलच्या जोडीला एसएचडी फाइल असते, तिच्यात काम कुठून आलं याचा तपशील असतो. ती पुसण्याआधी कॉपी करून ठेवा, ही कळकळीची विनंती. एकेक मशीन नेटवर्कवरून काढून साफ करायचं. एक जरी सुटलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

घाटकोपर, झेरॉक्सचं दुकान
गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हसाठी एक वेगळं मशीन ठेवलंय, त्याला नेटवर्कची वायर नाही. प्रिंटर यूएसबीने जोडलेला. बिलिंगचा कॉम्प्युटर तेव्हापासून सुखात.

दादर, शाळेचं कार्यालय
आमचं उलटं झालं. 2021 मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाचं स्पूलरमधलं आणखी एक भगदाड निघालं, जुलैत तातडीचा पॅच आला. ऑगस्टच्या अपडेटनंतर नेटवर्क प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) टाकायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागू लागले. ऐन दाखल्यांच्या गर्दीत प्रत्येक बाई विचारतायत, "सर, पासवर्ड काय टाकू?" कुणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) बदल करून ही अट काढायला सुचवलं. आमच्या सरांनी ठाम नकार दिला, कारण त्याने तेच दार पुन्हा उघडतं. त्यांनी सर्व्हरवर आणि सगळ्या मशीनवर ड्रायव्हरची एकच आवृत्ती टाकली. विचारणा थांबली.

लोअर परळ
अंधेरीवाल्या दादा, एसएचडी फाइल साध्या नोटपॅडमध्ये वाचता येते का?

अंधेरी एमआयडीसी, हार्डवेअर इंजिनिअर
नीट नाही. स्पूल फाइल दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर मिळतं, ते स्वच्छ मशीनवर टाकून त्यात उघडा.