मेंदूच्या इमेजिंगच्या पेपरमध्ये सहभागींच्या वंशाचा तक्ता नक्की कसा द्यायचा?

व्होक्सेल_०७
अमेरिकेतल्या लॅबचा ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेले मेंदूचे विद्युत संकेत) आणि एमआरआय (मेंदूचे स्कॅन) डेटा आहे. रिव्ह्यूअरला सहभागींची वांशिक माहिती हवीय. शेअर केलेल्या फाइलमध्ये फक्त वय, लिंग आणि डावखुरेपणा आहे. मूळ फॉर्मवर वंश विचारला होता. शेवटच्या नमुन्याची टक्केवारी दिली की भागेल का?

लांब_शेपूट
नाही भागणार. आकडे द्या, तेही टप्प्याटप्प्याचे: संमती किती जणांची, स्कॅन किती, हालचालीमुळे गळाले किती, विश्लेषणात उरले किती. खरी गोम गळतीत असते आणि शेवटच्या तक्त्यात ती दिसतच नाही. फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंटची (स्कॅनमधल्या एका चित्रापासून पुढच्यापर्यंत डोकं किती हललं त्याची) मर्यादा 0.5 वरून 0.2 मिमीवर आणली की कोण बाहेर पडतं, ते गटवार मोजा.

'सांगायचं नाही' आणि 'विचारलंच नाही' यांची खिचडी करू नका. लोकांनी फॉर्मवर स्वतः लिहिलंय तेवढंच घ्या. आडनावावरून अंदाज तर अजिबात नको. प्रश्नाचे शब्द आणि पर्याय डेटासोबतच्या जेसन फाइलमध्ये (रकान्यांचं वर्णन असते ती) जसेच्या तसे द्या. एखाद्या गटात दोन-तीनच जण असतील तर मात्र सार्वजनिक फाइलमध्ये प्रत्येकाच्या ओळीत वंश टाकू नका. वय आणि लिंग शेजारी असलं की माणूस ओळखू येतो.

जेल_संपली
ईईजीची गळती वेगळी मोजा. दाट कुरळे केस किंवा घट्ट वेण्या असल्या की इलेक्ट्रोडची टोपी डोक्याला टेकत नाही, जेल त्वचेपर्यंत पोचत नाही, इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा) 10 किलोओहमखाली येत नाही. मग नोंद होते 'खराब सिग्नल'! दोष उपकरणाचा, वगळला जातो माणूस. कार्नेगी मेलनमध्ये यावरच सेवो नावाचे इलेक्ट्रोड बनवले. कॉर्नरो (डोक्याला चिकटून ओळीत घातलेल्या) वेण्यांच्या मधल्या भांगात ते क्लिपसारखे अडकतात. भरतीच्या जाहिरातीत 'वेण्या, विग चालणार नाहीत' असं होतं का, तेही मेथड्समध्ये लिहा. (आपल्याकडे तेलकट केसांनीही इम्पिडन्स चढतो, पण आदल्या रात्री शाम्पू केला की काम होतं. वेण्यांचं तसं नाही.)

व्होक्सेल_०७
एमआरआयमधून आम्ही बुद्धिमत्ता चाचणीचे गुण प्रेडिक्ट करतोय. तिथे काही वेगळं?

लांब_शेपूट
एकच सरासरी अचूकता देऊ नका, चूक गटवार दाखवा. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट आणि एबीसीडी या अमेरिकेतल्या दोन मोठ्या मेंदू-स्कॅन प्रकल्पांच्या डेटावर 2022 मध्ये हे तपासलं गेलं: आफ्रिकन-अमेरिकन सहभागींबाबत मॉडेलची चूक गोऱ्यांपेक्षा जास्त निघाली. गट फारच लहान असेल तर चुकीसोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा कोणत्या पट्ट्यात असू शकतो ते) द्या, नुसता 'फरक आढळला नाही' हा शेरा रिव्ह्यूअर परत पाठवेल.