दुबईत फ्लॅट: एजंट म्हणतो दलाली शून्य. विश्वास ठेवावा का?

नमस्कार, जरा तातडीने सल्ला हवा आहे. शुक्रवारी टोकन द्यायचं ठरलंय आणि माझा पाय अडतोय.

आम्ही नाशिकचे. लेक-जावई चार वर्षांपासून दुबईत भाड्याने राहतात. सासऱ्यांचं घर विकून आमच्या वाट्याला आलेले पैसे आणि साठवणीतले काही घालून तिथे एक फ्लॅट घ्यावा, असं ह्यांच्या मनात आहे. जुमेरा व्हिलेज सर्कलमध्ये बघतोय, किंमत १२ लाख दिरहम.

इथल्या एका हॉटेलात दुबईच्या घरांचं प्रदर्शन होतं, तिथे हा एजंट भेटला. "काकू, तुमच्याकडून एक पैसा घेणार नाही," हे त्याचं पहिलं वाक्य. जावयाने चौकशी केल्यावर कळलं, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत दलाली बिल्डर देतो. तयार घर घेतलं तर मात्र खरेदीदाराकडून सहसा २ टक्के घेतात, वर त्या रकमेवर ५ टक्के व्हॅट. म्हणजे आमच्या हिशेबाने २५,२०० दिरहम. जावयाने त्याच भागातला एक तयार फ्लॅट सुचवला तर एजंटने त्यात खोडीच खोडी काढल्या, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच नव्या इमारतीचं माहितीपत्रक पाठवलं. ज्याला बिल्डर पैसे देतो तो मला ताबा लांबेल, भाव जास्त आहे, असं कधी सांगेल का? तेव्हापासून मन खातंय.

त्याहून मोठी काळजी पैसे पाठवण्याची. एलआरएसमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत, एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. डॉलरला ३.६७२५ दिरहम धरले तर साधारण ९ लाख १८ हजार. दोघांचं मिळून भागतं, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. विवरणपत्र भरताना ते वळतं होतं, तरी तोवर केवढी रक्कम अडकून पडणार! यावर एजंटचा तोडगा असा, की निम्मे बँकेतून पाठवा, निम्मे नाशिकमधल्या त्याच्या माणसाला रुपयांत द्या, तो तिकडे दिरहम भरेल. ह्यांना ते सोयीचं वाटतंय. मी नको म्हणतेय, पण कारण नीट सांगता येत नाही. कोणी असा व्यवहार केला आहे का?

प्रतिसाद १
ताई, आधी शेवटचं. इथे रुपये द्यायचे आणि तिकडे दिरहम मिळवायचे, यालाच हवाला म्हणतात. फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, भंग होतो आणि अडकता तुम्ही. शिवाय हे घर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावं लागेल. निम्मे पैसे कुठून गेले याचा कागद तेव्हा कुठून आणणार?

मी दुबईतच देरामध्ये राहतो, दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला. नव्या इमारतीचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच (फक्त त्या बांधकामासाठी राखलेलं बँक खातं) जायला हवेत, दुबईत २००७ चा तसा कायदाच आहे. टोकनसुद्धा एजंटच्या खात्यात नको. त्याच्याकडे ब्रोकर नंबर, म्हणजे एजंटचा नोंदणी क्रमांक, मागा आणि जावयांना दुबईच्या जमीन विभागाच्या दुबई रेस्ट ॲपवर तपासायला सांगा. जमीन विभागाचे नोंदणीचे ४ टक्के वेगळे धरा, ते प्रदर्शनात हळूच सांगतात. माझ्या एजंटने मला ते बुकिंगनंतर सांगितलं होतं.

प्रतिसाद २
तयार घर घेणार असाल तर एजंटबरोबर फॉर्म बी, म्हणजे खरेदीदार आणि एजंटमधला करार, करा, म्हणजे तो कागदोपत्री तुमचा माणूस होतो. विकणाऱ्याकडूनही दलाली घेणार आहेस का, हे तोंडावर विचारा. मी विचारलं होतं, तो घेणार होता. मग दुसरा शोधला आणि २ टक्के आनंदाने दिले.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवले. हवाला हा शब्द ऐकल्यावर बराच वेळ गप्प बसले, मग स्वतःच फोन करून टोकन थांबवलं. एजंटकडे ब्रोकर नंबर मागितला तर म्हणाला, "ऑफिसचा आहे, पाठवतो." दोन दिवस झाले, आलेला नाही.

आता तयार घरच बघतोय. फॉर्म बी किती दिवसांचा करावा? एकाच एजंटला बांधून घेणं बरं, की मुदत कमी ठेवावी? जावई पुढच्या आठवड्यात दोन एजंटांना भेटणार आहेत, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.